पाणी उलटे फिरले तर?

विद्यार्थी मित्रांनो, तोटी उघडली की पाणी बाहेर येते, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याबद्दल आपण कधी विचारच करीत नाही. पण आज एक वेगळाच प्रश्न घेऊ या. तोटीतून पाणी आत जाऊ शकेल का? म्हणजे, तुमच्या न्हाणीघरातील बादलीतले पाणी तोटीत शिरून, घरातील नळातून उलटे वाहत, रस्त्याखालच्या मोठ्या जलवाहिनीत जाऊन पोहोचेल का?

"छे! असे कसे होईल?" असे तुम्ही म्हणाल. मग जरा आठवून पाहा. तुम्ही दोन-तीन मजली इमारतीत राहत असाल आणि तुमच्या तोटीला नगरपालिकेचे पाणी थेट येत असेल, तर पाणी जाण्याच्या वेळी वरच्या मजल्यावरची तोटी उघडी ठेवून तिच्यापाशी कान न्या. पाण्याची धार बारीक होते, तुटते, आणि मग कधी कधी 'सूऽऽ' असा आवाज येऊ लागतो. अशा वेळी तोटीच्या तोंडावर ओला तळहात धरला, तर तो आत ओढला गेल्यासारखा वाटतो. तोटी हवा आत घेत असते!

जी तोटी हवा ओढते ती पाणी ओढणार नाही का? समजा, त्या तोटीला रबरी नळी लावली आहे आणि नळीचे दुसरे टोक कपडे भिजत घातलेल्या बादलीत बुडाले आहे. आता तोटीला हवा मिळणार नाही. ती बादलीतले साबणाचे मळके पाणी ओढून घेईल. थोड्या वेळाने पाणी पुन्हा सुरू झाले की तेच पाणी कोणाच्या तरी पिण्याच्या भांड्यात पडेल. ते भांडे कदाचित शेजारच्या घरातले असेल.

पाण्याच्या या उलट्या वाहण्याला 'उलटप्रवाह' म्हणतात. तो का होतो, तो अडवण्यासाठी कोणती साधने वापरतात, आणि ती साधने नीट काम करतात की नाही हे कसे तपासतात, ते आता क्रमाने पाहू.

दाबाचा हिशेब

पाणी आपण होऊन जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहते. नळाला दिशा कळत नाही. 'मी शहराकडून घराकडेच वाहीन' असे त्याने कोणाला वचन दिलेले नसते. त्याला कळतो तो फक्त दाब.

दाब मोजण्याची एक सोपी रीत म्हणजे पाण्याच्या स्तंभाची उंची सांगणे. १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभामुळे त्याच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाब पडतो. आपल्या भोवतालच्या हवेचा दाबही जवळजवळ इतकाच, म्हणजे १०.३ मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो.

आता एक उदाहरण सोडवू. एका गावाची पाण्याची टाकी रस्त्यापासून ३० मीटर उंच आहे. टाकीपासून तुमच्या घरापर्यंत येताना पाणी नळाच्या आतल्या बाजूला घासत येते आणि त्या घर्षणात ५ मीटर दाब खर्च होतो. तुमची तोटी रस्त्यापासून १२ मीटर उंचीवर आहे. मग तोटीपाशी किती दाब उरेल?

३० − ५ − १२ = १३ मीटर. म्हणजे तोटीतून पाणी जोराने येईल.

आता समजा, गावात मोठी आग लागली. अग्निशामक दलाने रस्त्यावरच्या जलवाहिनीला आपले पाइप जोडले आणि पंपाने पाणी खेचायला सुरुवात केली. जलवाहिनीतला प्रवाह एकदम दुप्पट झाला. प्रवाह दुप्पट झाला की घर्षणात जाणारा दाब मात्र दुप्पट होत नाही, तो जवळजवळ चौपट होतो! ५ मीटरचे २० मीटर झाले. आता पुन्हा हिशेब करा.

३० − २० − १२ = उणे २ मीटर.

उणे दोन! म्हणजे तुमच्या तोटीतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षाही २ मीटरने कमी झाला. बाहेरची हवा आता बादलीतल्या पाण्याला वरून ढकलील आणि तोटी ते पाणी आत घेईल. सरबताच्या नळीने आपण सरबत ओढतो तेव्हा हेच घडते. आग विझवणारे लोक चांगलेच काम करीत असतात, बादली भरणाराही आपले नेहमीचे काम करीत असतो. दोघांपैकी कोणाच्याही लक्षात काही येत नाही, आणि तरी पाणी उलटे फिरते.

करून पाहा

एक मीटरभर लांबीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्या. एका पेल्यात पाणी घेऊन त्यात थोडी शाई टाका. पेला टेबलावर ठेवा आणि खाली जमिनीवर रिकामी बादली ठेवा. नळी साध्या पाण्याने पूर्ण भरून घ्या आणि दोन्ही टोके अंगठ्यांनी दाबून धरा. (तोंडाने पाणी ओढू नका.) एक टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवा, दुसरे बादलीत खाली सोडा आणि दोन्ही अंगठे काढा. शाईचे पाणी नळीत वर चढून, पेल्याचा काठ ओलांडून, खाली बादलीत जाऊ लागेल.

ही नळी म्हणजे तुमच्या घरातला नळ, पेला म्हणजे न्हाणीघरातली बादली आणि खालची बादली म्हणजे रस्त्याखालची जलवाहिनी असे समजा. आता पेल्यातले टोक हळूच वर उचला आणि पाण्याच्या पृष्ठभागापासून दोन बोटे वर धरा. काय झाले? नळीत हवा शिरली आणि शाईचे पाणी येणे त्याच क्षणी थांबले. ही दोन बोटांची फट लक्षात ठेवा. तिचे महत्त्व पुढे कळेल.

मैदानावरची तोटी

उलटप्रवाहाने किती अनर्थ होऊ शकतो याचे एक उदाहरण साऱ्या जगात अभ्यासले गेले आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वुस्टर नावाचे शहर आहे. तेथील होली क्रॉस कॉलेजचा फुटबॉल संघ १९६९ च्या ऑगस्टमध्ये सराव करीत होता. कडक उन्हात खेळून दमलेली मुले मैदानावरच्या तोटीचे पाणी पीत. महिनाभराने, हंगामाचे सामने नुकतेच सुरू झाले होते तेव्हा, एकेक खेळाडू आजारी पडू लागला. ताप, मळमळ, थकवा, आणि मग डोळ्यांत पिवळी झाक. ती कावीळ होती. संघातील ९७ जणांपैकी तब्बल ९० जणांना संसर्ग झाल्याचे आढळले. दोन सामन्यांनंतर त्या वर्षीचे उरलेले सगळे सामने रद्द करावे लागले.

शोध घेणाऱ्या डॉक्टरांपुढे कोडे होते. या प्रकारच्या काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून आजार दिसू लागेपर्यंत साधारणपणे चार आठवडे जातात. सगळे खेळाडू जवळजवळ एकाच सुमारास आजारी पडले होते. याचा अर्थ, त्या सर्वांच्या पोटात विषाणू एकाच वेळी, एकाच वाटेने गेला असला पाहिजे. दिवस मागे मोजत मोजत संशोधक ऑगस्टच्या अखेरीस येऊन पोहोचले.

मग मैदानाच्या नळाचा मार्ग तपासण्यात आला. पिण्याच्या तोटीकडे जाणाऱ्या नळावरच हिरवळीवर पाणी शिंपण्याची साधने होती आणि ती जमिनीत खड्डे करून बसवलेली होती. जवळच राहणारी काही लहान मुले तेथे पाण्यात खेळत असत आणि त्यांच्यात काविळीची लागण झालेली होती. म्हणजे खड्ड्यात साचणाऱ्या पाण्यात विषाणू होता. पण खड्ड्यातले पाणी दाबाखाली असलेल्या नळात शिरले कसे?

उत्तर अग्निशामक दलाच्या नोंदींत सापडले. २९ ऑगस्ट १९६९ रोजी शहरात आग लागली होती आणि ती विझवण्यासाठी जलवाहिनीतून भरपूर पाणी खेचले गेले होते. मैदानाच्या नळातला दाब हवेच्या दाबापेक्षा खाली गेला आणि खड्ड्यातले दूषित पाणी आत ओढले गेले. दाब परत आल्यावर ते पाणी तोटीतून बाहेर आले. आपण वर सोडवलेले 'उणे दोन'चे गणित तेथे प्रत्यक्षात घडले होते!

या नळावर पाणी मागे येऊ न देणारे एखादे साधन असते तर? खड्ड्यातले पाणी खड्ड्यातच राहिले असते.

उलटप्रवाहाची दुसरी वाट

वुस्टरमध्ये शहराकडचा दाब कमी झाला म्हणून पाणी मागे ओढले गेले. पण शहराचा दाब अगदी ठीक असतानाही पाणी उलटे वाहू शकते. ते कसे? घराकडचा दाब शहरापेक्षा जास्त झाला तर!

एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरची टाकी जमिनीपासून ६० मीटर उंच आहे असे समजा. तिच्या नळात तळमजल्याशी दर चौरस सेंटिमीटरला ६ किलोग्रॅम दाब असेल. रस्त्यावरच्या जलवाहिनीत समजा ४ किलोग्रॅमच दाब आहे. कोणी चुकून हे दोन नळ एकमेकांना जोडले, तर पाणी कोणीकडे वाहील हे तुम्हीच सांगा. कारखान्यातील बाष्पक, औषधी द्रव खेळवणारे पंप, आग विझवण्यासाठी इमारतीत बसवलेले पंप, या सर्वांमुळे असा 'उलटा दाब' तयार होऊ शकतो.

पिण्याच्या पाण्याचा नळ आणि न पिण्याच्या पाण्याचा नळ यांचा जोड हीच सगळ्या संकटांची जागा असते. शिकागो शहरात १९३३ मध्ये मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. प्रदर्शनाला आलेले हजारो पाहुणे शहरातील हॉटेलांत उतरले होते. त्यांपैकी दोन हॉटेलांतील पाहुण्यांत आणि नोकरांत आमांशाची साथ पसरली आणि ९८ माणसे मरण पावली. तपासात आढळले की हॉटेलांतील जुन्या नळकामात पिण्याचे पाणी आणि सांडपाणी एकमेकांत मिसळण्याच्या जागा होत्या. त्या घटनेनंतर इमारतींमधल्या नळकामाकडे अमेरिकेतील आरोग्य खात्यांचे लक्ष गेले.

हवेची फट आणि झडपा

उलटप्रवाह अडवायचा कसा? सर्वांत साधा आणि सर्वांत खात्रीचा उपाय तुम्ही वरच्या प्रयोगात पाहिलाच आहे. तो म्हणजे हवेची फट. तोटीचे तोंड भांड्याच्या काठापेक्षा वर असले, तर भांड्यातले पाणी तोटीत जाऊच शकत नाही. ही फट नळाच्या तोंडाच्या व्यासाच्या निदान दुप्पट असावी आणि कोणत्याही परिस्थितीत २५ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, असा अमेरिकेत नियम आहे. हवेच्या फटीत फिरणारा भाग नाही, स्प्रिंग नाही, रबर नाही. त्यामुळे त्यात बिघडण्यासारखे काहीच नाही.

पण प्रत्येक ठिकाणी हवेची फट ठेवता येत नाही. फटीपाशी पाण्याचा दाब संपतो. पुढे पाणी दाबानेच न्यायचे असेल तर बंद नळातच काही तरी अडसर बसवावा लागतो. तो अडसर म्हणजे एका दिशेनेच उघडणारी झडप.

अशा झडपा तुमच्या ओळखीच्या आहेत. गावातल्या हापशात झडप असते, म्हणूनच वर आलेले पाणी पुन्हा खाली जात नाही. सायकलच्या चाकात हवा आत जाते, बाहेर येत नाही, तीही झडपेमुळेच. आणि तुमच्या हृदयात तर चार झडपा आहेत. पाणीपुरवठ्यातली झडप अशीच असते. एक तबकडी, तिच्या मागे तिला दाबून धरणारी स्प्रिंग, आणि तबकडी टेकण्यासाठी एक गोल बैठक. शहराकडून पाणी आले की तबकडी उघडते. प्रवाह थांबला की स्प्रिंग तबकडीला बैठकीवर घट्ट दाबते.

एक झडप बिघडली तर दुसरी असावी म्हणून दोन झडपा एकामागे एक बसवतात. पण जेथे धोका फार मोठा असतो, म्हणजे रुग्णालये, रसायनांचे कारखाने, प्रयोगशाळा अशा ठिकाणी, आणखी एक युक्ती केलेली असते. ती समजून घेण्यासारखी आहे.

दोन झडपांच्या मध्ये एक छोटी खोली असते. पहिल्या झडपेची स्प्रिंग मुद्दाम कडक ठेवतात. त्यामुळे तिच्यातून येताना पाण्याचा दाब थोडा कमी होतो. शहराकडे ४ किलोग्रॅम दाब असेल तर मधल्या खोलीत तो साडेतीनच्या आसपास असतो. म्हणजे सर्व काही ठीक असताना मधल्या खोलीतला दाब शहराच्या दाबापेक्षा नेहमीच कमी असला पाहिजे. या खोलीच्या तळाला तिसरी झडप असते. ती बाहेर, जमिनीकडे उघडते. तिचे काम एकच. शहराचा दाब आणि खोलीतला दाब यांवर सतत लक्ष ठेवायचे, आणि दोहोंतला फरक फार कमी होऊ लागला की लगेच उघडून खोलीतले पाणी बाहेर सोडून द्यायचे.

आता पाहा. शहराचा दाब घसरला, तर फरक कमी होतो आणि तिसरी झडप उघडते. दुसरी झडप गळकी होऊन इमारतीचे पाणी खोलीत शिरू लागले, तर खोलीतला दाब वाढतो. पुन्हा फरक कमी होतो आणि तिसरी झडप उघडते. काहीही झाले तरी संशयास्पद पाणी शहराच्या नळात न जाता जमिनीवर सांडते. दारावरच्या पहारेकऱ्याने संशयित माणसाला घरात न घेता अंगणातूनच परत पाठवावे, तसे हे आहे. म्हणूनच हे साधन जमिनीपासून वर, पाणी साचणार नाही अशा जागी बसवतात. तिसरी झडप पाण्यात बुडालेली असेल तर तिच्यातूनच घाण आत जायची!

मुका पहारेकरी

इतके उत्तम साधन बसवले म्हणजे काम संपले का? नाही. खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

घरातला दिवा बिघडला तर अंधार होतो. पंखा बिघडला तर उकडते. तोटी बिघडली तर पाणी टपटपते. पण उलटप्रवाह अडवणारी झडप बिघडली तर काय होते? रोजच्या रोज पाहाल तर काहीच होत नाही! पाणी पूर्वीसारखेच येत राहते. झडप गंजून उघडीच राहिली असेल तर पाणी अडेल असेही नाही. घरातल्या कोणालाही काही कळत नाही. हा बिघाड उघडकीस येतो तो पाणी उलटे फिरते त्या दिवशी, आणि तोवर उशीर झालेला असतो.

झडप बिघडायला फारसे कारणही लागत नाही. जलवाहिनी दुरुस्त करताना आत गेलेला वाळूचा एक कण तबकडी आणि बैठक यांच्यामध्ये अडकला की झडप पूर्ण मिटत नाही. पाण्यातल्या क्षारांचा थर बैठकीवर साचतो. तबकडीचे रबर वर्षानुवर्षे दाबून कडक होते, त्यावर खोलगट वळ उमटतो. स्प्रिंग गंजते, तुटते. हे सगळे बंद पोलादी किंवा पितळी कवचाच्या आत, कोणाच्याही नजरेआड घडत असते.

म्हणून अमेरिकेतील अनेक शहरांत असा नियम आहे की ज्या इमारतीत हे साधन बसवलेले आहे, तिच्या मालकाने वर्षातून एकदा प्रशिक्षित परीक्षकाकडून त्याची चाचणी करून घ्यावी आणि तिचा अहवाल पाणी पुरवणाऱ्या संस्थेकडे पाठवावा. वारंवार सांगूनही चाचणी केली नाही तर इमारतीचे पाणी तोडता येते.

चाचणी कशी करतात?

ही चाचणी कशी असते ते पाहू. साधनाच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक बंद करण्याची चावी असते. शिवाय साधनाच्या अंगावर चार बारीक तोट्या ठेवलेल्या असतात. त्या पाणी पिण्यासाठी नसून दाब मोजण्यासाठी असतात. परीक्षक आपल्याबरोबर दाबातला फरक दाखवणारा मापक आणि काही बारीक नळ्या घेऊन येतो.

आधी तो इमारतीतल्या लोकांना कळवतो की काही मिनिटे पाणी बंद राहील. मग चारही बारीक तोट्या क्षणभर उघडून त्यांतला कचरा धुऊन काढतो. नाही तर चाचणीतच झडपेत कण अडकायचा! पलीकडची चावी बंद करून तो मापकाच्या नळ्या जोडतो, आणि तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न तिसऱ्या झडपेला. "तू वेळेवर उघडतेस का?" परीक्षक शहराकडचे थोडे पाणी बारीक नळीने मधल्या खोलीत हळूहळू सोडतो. खोलीतला दाब वाढू लागतो आणि मापकाचा काटा खाली सरकू लागतो. काटा खाली येत असतानाच तिसरी झडप ठिबकायला लागली पाहिजे. दोन्ही दाबांतला फरक १.४ मीटर पाण्याच्या स्तंभापेक्षा खाली जाण्याच्या आत ती उघडली तर ती उत्तीर्ण. त्याखाली गेला तरी उघडली नाही तर ती नापास.

दुसरा प्रश्न दुसऱ्या झडपेला. "तू उलटा दाब सोसतेस का?" परीक्षक तिच्या पलीकडे जास्त दाबाचे पाणी लावतो. झडप घट्ट मिटलेली असेल तर ते पाणी अलीकडच्या खोलीत येणार नाही आणि तिसरी झडप कोरडी राहील. ती ठिबकू लागली की समजावे, दुसरी झडप गळकी आहे.

तिसरा प्रश्न पहिल्या झडपेला. "तू तुझा दाबाचा फरक टिकवून धरतेस का?" प्रवाह थांबलेला असताना मापकाचा काटा एका ठिकाणी स्थिर राहिला पाहिजे, आणि तो आकडा तिसरी झडप ज्या आकड्याला उघडली त्यापेक्षा बराच वर असला पाहिजे. काटा सावकाश घसरू लागला तर पहिली झडप गळत आहे.

किती साधी चाचणी! पण पाहा, बाहेरून ठाकठीक दिसणाऱ्या साधनाला तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्याच्या पोटात काय आहे हे कळले नसते. झडप नापास झाली तर साधन उघडतात, कचरा काढतात, रबर किंवा स्प्रिंग बदलतात आणि पुन्हा पहिल्यापासून चाचणी घेतात. आणखी एक गंमत म्हणजे, परीक्षकाचा मापक बरोबर आहे की नाही हे कोण सांगणार? म्हणून मापकाचीही ठरावीक मुदतीने तपासणी होते. परीक्षकाचीसुद्धा परीक्षा!

खर्च एकाचा, फायदा कोणाचा?

आता जरा त्या इमारतीच्या मालकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. चाचणीसाठी पाणी बंद ठेवावे लागते. परीक्षकाला पैसे द्यावे लागतात. साधन तर वर्षभर मुकाट्याने उभे आहे, त्याने कधी त्रास दिलेला नाही. "मग कशाला ही कटकट?" असे मालकाला वाटले तर नवल नाही.

पण साधन कोणत्या दिशेला तोंड करून उभे आहे ते बघा. शहरातून येणारे पाणी ते शुद्ध करीत नाही. ते अडवते इमारतीतून बाहेर जाऊ पाहणारे दूषित पाणी. म्हणजे पैसे मालकाचे, जागा मालकाची, आणि संरक्षण मुख्यतः शेजाऱ्यांचे! त्याच वेळी शेजाऱ्याच्या इमारतीतली झडप या मालकाचे रक्षण करीत असते. रस्त्याखालची जलवाहिनी सगळ्यांची एकच आहे. तिच्यावर हजार जोड असतील तर तिची सुरक्षितता हजार जणांच्या हाती असते. एकाने टाळाटाळ केली तर बाकीच्या नऊशे नव्याण्णवांची काळजी वाया जाण्याचा धोका असतो. वुस्टरच्या खेळाडूंनी कोणते निष्काळजीपण केले होते? ते फक्त पाणी प्यायले होते.

आपल्याकडे काय?

आपल्या बहुतेक गावांत आणि शहरांत पाणी चोवीस तास येत नाही. दिवसातून काही तास येते, कोठे कोठे दिवसाआड येते. म्हणजे वुस्टरमध्ये आग लागल्यामुळे एका दिवशी जे घडले, ते आपल्या जलवाहिन्यांत रोज घडू शकते. पाणी बंद झाले की नळातला दाब नाहीसा होतो, नळ रिकामा होताना हवा ओढतो, आणि त्याबरोबर जमिनीतल्या फटींतून गटाराचे पाणीही आत येऊ शकते.

महाराष्ट्राच्या शेजारी कर्नाटकात हुबळी-धारवाड येथे याचा चांगला अभ्यास झाला आहे. या जोडशहराच्या काही भागांत चोवीस तास पाणी देण्यास सुरुवात झाली होती, तर बाकीच्या भागांत ते काही दिवसांनी येत असे. पाणी एकाच शुद्धीकरण केंद्रांतून निघत होते. संशोधकांनी दोन्ही भागांतल्या तोट्यांचे नमुने तपासले. त्यांचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मैलापाण्याची खूण मानला जाणारा जंतू अधूनमधून पाणी येणाऱ्या भागात सुमारे एक तृतीयांश नमुन्यांत सापडला. सतत दाब असलेल्या भागात मात्र शंभरात एकही नमुना भरला नाही. पाणी तेच, केंद्र तेच. फरक पडला तो नळातल्या दाबामुळे.

यात आपणही भर घालतो. पाणी कमी येते म्हणून काही लोक नगरपालिकेच्या नळालाच पंप लावून पाणी खेचतात. पंप त्यांची टाकी भरतो खरा, पण त्याच वेळी जलवाहिनीतला दाब उणे करतो आणि शेजाऱ्यांच्या बादल्यांतले व गटारांतले पाणी नळाकडे ओढतो. शिवाय पंपवाल्याच्या टाकीतही तेच पाणी येते! म्हणूनच थेट नळाला पंप लावण्यास बंदी असते.

मित्रांनो, आपल्या घरात झडपांची वार्षिक चाचणी होत नसेल, पण तुमची स्वतःची तपासणी तुम्ही आजच करू शकता. बादली भरण्यासाठी लावलेली रबरी नळी पाण्यात बुडालेली तर नाही ना? ती बादलीच्या काठावर टांगून ठेवा. गच्चीवरच्या किंवा जमिनीखालच्या टाकीत पाणी सोडणाऱ्या नळाचे तोंड, टाकी पूर्ण भरली तरी पाण्याच्या वर राहते का? टाकीचे जादा पाणी बाहेर काढणारा नळ त्याच्या खाली आहे का आणि मोकळा आहे का? मोठ्या माणसांना बरोबर घेऊन पाहा. बोअरचे पाणी आणि नगरपालिकेचे पाणी एकाच नळात सोडले आहे का, हे वडिलांना किंवा इमारतीचे काम पाहणाऱ्या काकांना विचारा. तसे असेल तर नळकाम करणाऱ्या माणसाला ते दाखवा. दोघांमध्ये नुसती चावी असून भागत नाही. चावी कोणी तरी उघडी विसरते. आणि पाणी नुकतेच सुरू झाले की पहिले थोडे पाणी पिण्यासाठी न भरता झाडांना किंवा धुण्याला वापरा.

यासाठी पैसे लागत नाहीत. दोन बोटांची फट लागते, आणि ती आहे की नाही हे अधूनमधून जाऊन पाहणारे दोन डोळे लागतात. तुमच्या नळीचे टोक आज कोठे आहे, ते बघून या!